गार्डच्या डब्यातलं पोर

इनुसचा बेकरीचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबला, तेव्हा मुमताजला आधी बरंच वाटलं. चला, घरात हातपाय हलवणारा एक तरी माणूस आला. नाहीतर अजीम सकाळपासून खाटेवर बसला होता तो बसलाच होता. चहा दिला तर कप हातात धरायचा, आणि न्यायला गेलं तर कप तसाच भरलेला. बोलायचं म्हणून नाही. असा नवरा ऐन वेळेला काय कामाचा, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि लगेच तिला त्याची दयाही आली. त्याच्या पोटचं पोरगं पोलीस ठाण्यात होतं. तिच्याही पोटचंच होतं.

सोहेब रात्रपाळीला होता. पाळी सुटायच्या वेळेला त्याच्याबरोबरच्या एका पोराचा फोन आला की, चाची, सोहेबला पोलीस घेऊन गेले. कुरकुंभच्या त्या कंपनीत त्यांच्या पाळीला मोजणीत एक ड्रम कमी भरला होता. कसलं तरी पेट घेणारं द्रव होतं त्यात. एरवी असं झालं की स्टोअरवाल्याला दम भरायचे, दोन दिवस आरडाओरडा व्हायचा आणि ड्रम कुठंतरी कोपऱ्यात सापडायचा. पण त्या साली लांबच्या एका शहरात स्फोट झाले होते, टीव्हीवर उठल्याबसल्या तीच चित्रं होती. मॅनेजरनं पोलिसांना कळवलं आणि पोलिसांनी सगळ्या पाळीचे लॉकर उघडायला लावले. कुणाच्या लॉकरात गुटखा निघाला, कुणाच्या लॉकरात नटीचा फोटो. सोहेबच्या लॉकरात निघालं उर्दू पुस्तक. कव्हरवर आगगाडी, आणि आगगाडीच्या वर हे एवढं पिस्तूल.

"आन् चाची," पोरगं फोनवर कुजबुजत म्हणालं होतं, "सांजच्याला घर बघाय येनारेत. पथक हाय."

मुमताजनं लगेच इनुसला फोन लावला होता.

इनुस आत आला आणि पायताण काढता काढताच म्हणाला, "भाभी, अब्बांचं कपाट उघड."

सलाम नाही, दुआ नाही. हा इनुस, अजीमचा धाकटा भाऊ, मुमताज लग्न होऊन या घरात आली तेव्हा नाकातला शेंबूड शर्टाच्या बाहीला पुसत फिरायचा. डोक्यात उवा झाल्या की हिच्याच मांडीवर डोकं द्यायचा. आता शिरूरला त्याच्या दोन बेकऱ्या होत्या, शिरूरची बडी बडी माणसं त्याच्याकडून पाव नेत, आणि घरात काही घडलं की त्याचाच शब्द शेवटचा. तो रुबाब त्याला शोभतही होता म्हणा. आज मात्र त्याच्या ओठांवर पांढरी कोर आली होती.

"कपाट कशाला?" मुमताज म्हणाली.

"कशाला म्हंजी? लॉकरात एक सापडलं तर पोराला उचलला. हितं तीन खण भरल्यात! बघतील तवा काय म्हनतील?"

राबियाआपा केडगावहून दुपारच्या पॅसेंजरनं येऊन कोपऱ्यात तसबीहची माळ ओढत बसली होती. अजीमची ती थोरली बहीण. तिनं डोळे न उघडताच म्हटलं, "इनुस बराबर बोलतोय."

बारावीला शाळेत पहिली आलेली, डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला असलेली निखत, मुमताजची पोरगी, दाराला टेकून उभी होती. मुमताजनं तिच्याकडं आशेनं बघितलं. पोरगी शिकलेली, ती तरी बोलेल म्हणून.

"अम्मी," निखत म्हणाली, "मला नोकरी लागताना पोलिसांचा दाखला मागतात. चाचा म्हणतात ते ऐक ना."

म्हणजे घरातली सगळी एका बाजूला झाली. अजीम तर कुठल्याच बाजूला नव्हता.

ते कपाट म्हणजे भिंतीत बसवलेलं, लाकडी दारांचं. त्यात अब्बांची पुस्तकं. मुमताजचा सासरा मालगाडीवर गार्ड होता. दौंड जंक्शनातून गाडी सुटली की कुठं सिग्नलला अडकून पडायची, कुठं आडरानात उभी राहायची. त्या वेळात करणार काय माणूस? शेवटच्या डब्यात बसून अब्बा पुस्तकं वाचायचे. स्टेशनाच्या ठेल्यावरची, पातळ कागदाची, चोर-पोलिसांची उर्दू पुस्तकं. कव्हरवर पिस्तूल असायचं, तोंडाला फडकं बांधलेला माणूस असायचा, नाहीतर पदर ढळलेली एखादी बाई. एकेक पुस्तक वाचून झालं की घरी आणून कपाटात. तीन खण भरले तेव्हा अब्बा रिटायर झाले.

अजीम आणि इनुस दोघं मराठी शाळेत शिकले, त्यांना उर्दू वाचता येत नव्हतं. निखतचंही तेच. कुराण सगळ्यांनाच वाचता यायचं, पण त्यात अक्षराच्या खालीवर खुणा लावलेल्या असतात, त्यावर बोट ठेवत जाता येतं. या पुस्तकांत खुणा नसायच्या. म्हातारपणी अब्बांनी सोहेबला मांडीवर घेऊन शिकवलं तेवढंच. घरात उर्दू वाचणारी माणसं दोनच झाली. त्यातले अब्बा कबरीत होते आणि सोहेब ठाण्यात.

"अरं, कहाण्या हायत त्या," मुमताज म्हणाली. "चोर पळतो, पोलीस पकडतो. अब्बांनी वाचून दाखवल्यात मला. तुलाबी दाखवल्यात की."

"सगळ्या?"

"बऱ्याच."

"बऱ्याच म्हंजी सगळ्या न्हवं. आन् अब्बा जाऊन किती वर्सं झाली? सोहेबनं नंतर कायबी आनून ठेवलं आसंल. तुला वाचता येतं का? रातभर दिवा लावून पोरगं काय वाचीत व्हतं, ठावं हाय तुला?"

खरंच, मुमताजला काय ठाऊक होतं? सुट्टीच्या दिवशी पोरगं भिंतीला पाय लावून पालथं पडायचं, समोर पुस्तक. हाक मारली तर तिसऱ्या हाकेला ओ. जेवायला बसलं तरी डोळ्यांत भलतंच कायतरी. ती म्हणायची, वाचतंय ना, दारू तर पीत नाही. कधी पुस्तक हातात घेऊन विचारलं नाही की बाबा, काय लिहिलंय यात. पोलिसांची भीती सकाळपासून होतीच. आता पहिल्यांदाच तिला आपल्या पोराची भीती वाटली, आणि असं वाटलं याची इतकी शरम वाटली की तिनं गुमान कनवटीची किल्ली काढून इनुसच्या हातात दिली.

"बघू तरी," असं म्हणून राबियाआपानं वरच्या खणातलं एक पुस्तक काढलं. नाकाशी धरून ती एकेक अक्षर लावायला लागली. "खे... वाव... खू... नून..." ती थांबली. "खून."

बाहेर कोणाची तरी सायकल गेली तरी निखत दचकली.

"बघितलंस?" इनुस म्हणाला. "पयलाच शब्द."

"अरे चोर-पोलिसात खून नसंल तर काय बारसं आसंल?" मुमताज म्हणाली, पण हसायला कुणीच तयार नव्हतं. तीही नव्हती.

इनुसचं म्हणणं होतं की टेम्पोत टाकून शिरूरला न्यायची आणि बेकरीच्या भट्टीत घालायची. अर्ध्या तासात राख. पण राबियाआपा ताडकन उठून उभी राहिली. तिनं पुस्तकाचं पहिलं पान उघडून इनुसच्या तोंडासमोर धरलं. पानाच्या वर बारीक अक्षरांत सातशे शहाऐंशी छापलेलं. अल्लाचं नाव घेऊनच सुरुवात केली होती त्या खुनाचीही.

"हे जाळतो तू? भट्टीत? आन् त्या भट्टीतले पाव लोकांना खायला घालतो?"

"मग काय करू आपा? डोक्यावर घेऊन नाचू?"

"कुराणाची फाटलेली पानं आपन काय करतो? तेच कर. वाहत्या पान्यात सोड. आदबीनं."

भ्यालेल्या माणसाला कोण समजावणार? म्हणजे बघा, तासाभरात पोलीस दारात येणार होते आणि ही माणसं पिस्तुलं, बुरखेवाले दरोडेखोर आणि पदर ढळलेल्या बायका असलेली पुस्तकं धुतलेल्या पांढऱ्या चादरींत बांधत बसली. निखत एकेक थप्पी द्यायची, राबियाआपा बिस्मिल्ला म्हणून चादरीवर ठेवायची. मुमताज कपाटापाशी उभी राहून पुस्तकं काढून देत होती. अक्षर कळत नसलं तरी तिला कव्हरं ओळखू येत होती. हे जहाजावरच्या हिऱ्यांचं, हे काचेच्या डोळ्याच्या माणसाचं. हे ते, ज्यात खानसामाच चोर असतो. अब्बा वाचायचे तेव्हा प्रत्येकाचा आवाज वेगळा काढायचे, आणि पोलीस इन्स्पेक्टर बोलायला लागला की ताठ बसायचे. एकेक पुस्तक हातातून सुटत होतं, पण हात थांबत नव्हते. पोरापुढं पुस्तकांचं काय एवढं?

टेम्पो भीमेकडं गेला. निखतनं रिकाम्या खणांकडं बघितलं आणि तिच्या डोक्यात आलं की रिकामं कपाट बरं दिसणार नाही. तिनं आपली डी.एड.ची पुस्तकं आणि गाईडं आणून तिथं लावली. तीन खणांना ती काय पुरणार, दीड खणातच संपली. उरलेल्या जागेत स्टीलचे डबे.

इनुस परत आला तेव्हा त्याची विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती. "झालं," एवढंच म्हणाला.

"कुनी बघितलं का?" मुमताजनं विचारलं.

"धुनं धुनाऱ्या बाया हुत्या. इचारत होत्या, दादा, काय सोडलं? मी म्हनलं, पुराना कुरान हाय."

राबियाआपानं दोन्ही कानांना हात लावले.

पोलीस आले ते दिवस कलताना होणाऱ्या अस्राच्या अजाननंतर. जीप गल्लीत शिरेना म्हणून चालत आले. एक फौजदार, दोन शिपाई, आणि पंच म्हणून शेजारचे हौसराव. हौसराव रेल्वेत फिटर होते. अब्बांची आणि त्यांची जुनी ओळख. ते घरात शिरले ते मान खाली घालूनच, जणू काही चूक त्यांचीच. फौजदार चाळिशीचा, डोळे तांबारलेले. रात्रभर झोपला नसावा. तो ओरडला नाही, काही आपटलं नाही. त्यामुळंच मुमताजला जास्त भीती वाटली.

शिपायांनी गाद्या उलट्या केल्या, पेटी उघडली, स्वयंपाकघरातले डबे बघितले. फौजदार मात्र सरळ भिंतीतल्या कपाटापाशी गेला. कुणी दाखवलं नव्हतं तरी गेला. दार उघडून त्यानं निखतचं एक गाईड काढलं, चाळलं आणि जागेवर ठेवलं.

"ही कुणाची?"

"माझी," निखत म्हणाली.

"आणि आजोबांची?"

फौजदारानं गाईडं बाजूला सारली. खणांवर वर्तमानपत्राचे कागद अंथरलेले होते. कागद कडेला पिवळे पडले होते आणि जिथं वर्षानुवर्षं पुस्तकं होती तिथं पांढरे राहिले होते. एका रांगेत, चौकोन चौकोन.

"तुमच्या मुलाला मी विचारलं," फौजदार हळू म्हणाला, "की तू हे काय वाचतोस? तो म्हणाला, आजोबांची पुस्तकं आहेत, चोर-पोलिसांच्या गोष्टी. मी म्हटलं, कशावरून? तर म्हणाला, साहेब, आमच्या घरी भिंतीत कपाट आहे, तीन खण भरलेत, जाऊन बघा. कुणाकडूनही वाचून घ्या. सकाळपासून तो एवढंच सांगतोय. दुसरा पुरावाच नाही त्याच्याकडं."

पोरानं आपली साक्ष म्हणून घरच्या कपाटाकडं बोट दाखवलं होतं, आणि आईनं स्वतःच्या हातानं ते रिकामं केलं होतं.

"रद्दीत घातली, साहेब," इनुस घाईनं म्हणाला. "झालं की वरीस. पोराला म्हाईत न्हाई."

फौजदारानं त्याच्या भिजलेल्या विजारीकडं बघितलं. शिपायाकडं वळून तो कागद मागायला लागला, तेवढ्यात खाटेवरून अजीम उठला. सकाळपासून पहिल्यांदा उठला.

"साहेब, माझा भाऊ खोटं बोलला," अजीम म्हणाला. त्याचा आवाज पार बसला होता. "आज दुपारी नदीत सोडली पुस्तकं. आम्हीच सोडली. भ्यालो आम्ही. कुनालाच वाचता येत न्हाई त्यातलं, मग आतमधी काय हाय, कसं सांगावं? भ्यालो, साहेब. दुसरं कायबी न्हाई."

"भाईजान!" इनुस ओरडला.

"गप बस तू," राबियाआपा म्हणाली. इतका वेळ इनुसच्या बाजूनं असलेली आपा आता उठून अजीमच्या शेजारी उभी राहिली. निखत आईपाशी सरकली आणि तिनं आईचा हात धरला.

फौजदारानं खुर्ची ओढून घेतली, बसला, आणि पिशवीतून एक पुस्तक काढून समोर धरलं. आगगाडी, वर पिस्तूल. खाली फलाटावर एक बाई उभी, तिचं तोंड दिसत नाही.

"हे लॉकरमधलं. एका मास्तरांकडून मी ते वाचून घेतलंय, त्यामुळं आत काय आहे ते मला माहीत आहे. घरात कुणाला माहीत आहे? कपाटातली पुस्तकंही याच जातीची होती असं तुमचा मुलगा म्हणतो, तर मला पटवा."

"मला म्हाईत हाय," मुमताज म्हणाली.

आवाज आपलाच का, असं तिला वाटलं. पण ते कव्हर तिला चांगलं ओळखीचं होतं. इतकी पुस्तकं अब्बांनी वाचली, त्यात तिचं असं हे एकच होतं. सोहेब आणि निखतच्या आधीचं तिचं पहिलं पोर, दीड वर्षाचं, तापानं गेलं होतं. तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. खात नव्हती, उठत नव्हती, कवठे येमाईहून आई आली तर तिच्याशीही बोलली नव्हती. सासऱ्यानं सुनेच्या खोलीत यायची रीत नाही. म्हणून अब्बा दाराबाहेर ओट्यावर बसले, छोट्या इनुसला जवळ बसवलं आणि जसं काही त्यालाच ऐकवतोय असं हे पुस्तक मोठ्यानं वाचायला लागले. रोज थोडं थोडं.

"एक बाई असती," ती सांगायला लागली. "तिचं पोरगं चार वर्साचं. जंक्शनला गाडी थांबती, बाई पान्याला उतरती, आन् परत येती तर पोर न्हाई. गाडी बघितली, फलाट बघितला, न्हाई म्हंजी न्हाईच. मग ती बाई रोज टेसनात येती. येनाऱ्या सगळ्या गाड्या बघती. लोक म्हनत्यात येडी झाली. तिथं एक इन्स्पेक्टर असतो, साधा, सारखं पान खानारा. त्याला तिची दया येती. त्याला कळतं का पोरं पळवनारी टोळी हाय, सोनाराचा मुनीम त्यांचा म्होरक्या..."

फौजदार ऐकत होता. पुस्तक मिटून गुडघ्यावर ठेवलं होतं त्यानं. हौसरावांनीही मान वर केली. ती सांगत गेली तसा तिच्या आवाजातला कंप जायला लागला. अब्बा जिथं थांबायचे तिथं ती थांबली, चालत्या गाडीच्या टपावर गोळ्या सुटल्या तिथं घाई केली.

"टोळी पकडली. पन पोर काय त्यांच्यापाशी सापडलं न्हाई. इन्स्पेक्टर खाली मान घालून त्या बाईकडं आला. काय सांगावं तिला? तेवढ्यात मालगाडी आली. थांबली. शेवटच्या डब्यातून गार्ड उतरला, हातात कंदील, आन् खांद्यावर पोर झोपलेलं. टोळीनं वाटंत टाकून दिलेलं, त्याला सापडलं व्हतं. रातभर आपल्या डब्यात ठेवून घेतलं, सवताचा कोट पांघरला, च्या पाजला. ते पोर त्यानं त्या बाईच्या हातात दिलं. संपली कहाणी."

"असं न्हवतं भाभी!" इनुस म्हणाला. मदत करायला म्हणूनच म्हणाला तो बिचारा. भाभी चुकली तर सगळं फिसकटणार, एवढंच त्याला दिसत होतं. "साहेब, ती इसरली. कसला गार्ड? पुस्तकात गार्डच न्हाई. मला अब्बांनी डब्यात नेऊन वाचून दावली व्हती. पोर सापडतच न्हाई. बाई आपली रोज टेसनात जात ऱ्हाती, तिथं संपतं."

"गप रे, मला ठावं हाय! वट्यावर बसून वाचली अब्बांनी, तू तिथंच व्हतास!"

"व्हतो की. आन् मी मधीच म्हनलं, अब्बा, असं न्हाई... तर अब्बांनी मला..."

इनुस थांबला. त्याचा हात आपोआप मांडीवर गेला. तो मुमताजकडं बघायला लागला, आणि त्याचा चेहरा हळूहळू असा झाला की मुमताजला तिथं तो उवा झालेला पोरगा दिसला.

"चिमटा काढला व्हता," तो म्हणाला. "लई जोरात. मला तवा कळलंच न्हाई, का काढला."

मुमताजला कळलं. सगळ्यांच्या आधी कळलं. गार्ड, कंदील, कोट, चहा. पुस्तकात नव्हतं त्यातलं काहीच. त्या ओट्यावर बसून अब्बांनी आपल्याच पदरचं घातलं होतं, आणि मालगाडीतून उतरले होते ते स्वतः. त्या शेवटावर ती उठली होती. त्या दिवशी तिनं भाकरी मागून खाल्ली होती, आणि पुढं निखत झाली, सोहेब झाला. जन्मभर कुणी घरी यायला उशीर केला, की ती मनात म्हणायची, असंल कुणाच्या तरी डब्यात, कुणीतरी कोट पांघरला असंल.

पण आत्ता यातलं काही बोलायची वेळ नव्हती. फौजदार समोर होता. त्याच्या गुडघ्यावर खरं पुस्तक होतं आणि ती त्याच्यासमोर खोटी ठरली होती. पोरगंही खोटं ठरणार. तिनं निखतचा हात इतका आवळला की पोरगी कळवळली.

"मास्तरांनी वाचलं त्यात पोर सापडत नाही," फौजदार म्हणाला. "तुमचे दीर सांगतात ते बरोबर आहे."

"साहेब, अल्लाची शपथ, मी..."

"थांबा बाई." त्यानं हात वर केला. मग त्यानं गुडघ्यावरचं पुस्तक उलटंपालटं करून बघितलं. सांगावं की नाही, याचा विचार करत असावा. "तुमच्या मुलाला मी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला या गोष्टी येतात? तो म्हणाला, अम्मीला. मी लहान होतो तेव्हा तीच मला भरवताना सांगायची. पण साहेब, या पुस्तकाचा शेवट ती वेगळा सांगेल. ती सांगेल, गार्डच्या डब्यात पोर सापडतं. मला वाचता यायला लागल्यावर मी पुस्तक उघडलं तर तसं नव्हतंच. मग मी आजोबांना विचारलं आणि त्यांनी शेवट का बदलला ते सांगितलं." फौजदारानं घसा साफ केला. "आणि मग तुमचा मुलगा माझ्या पाया पडायला लागला. मला वाटलं, सोडा म्हणतोय. तर म्हणाला, साहेब, काहीही करा, पण अम्मीला खरा शेवट सांगू नका."

इनुस मटकन खाली बसला. अजीमनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

पंचनामा लिहायला शिपाई बसला. भिंतीतील कपाटात आजोबांची पुस्तके आढळून आली नाहीत, असं त्यानं लिहिलं आणि वाचून दाखवलं. हौसराव म्हणाले, "साहेब, म्या सवता बघितलीत त्या कपाटात पुस्तकं. ते लिवा की."

"आज नाहीत ना?" फौजदार म्हणाला. "नाहीत, तर नाहीतच लिहायचं. दुसरं काही लिहिता येत नाही मला. आजच्या आज नदीत सोडली तुम्ही, हे वरच्यांना मी कसं समजावू?" मग हौसरावांनी सही केली. अजीमनंही केली.

"आन् पोरगं?" मुमताजनं विचारलं.

"ड्रमचा तपास चालू आहे. सापडला तर उद्या येईल. बहुतेक." त्यानं 'बहुतेक' हा शब्द जपून उच्चारला आणि पुस्तक पिशवीत घातलं.

तो उंबऱ्यापाशी गेला. मुमताज त्याच्या मागं गेली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला.

"साहेब, त्याला एक सांगा."

"काय?"

"सांगा की अम्मीनं कहाणी सांगितली. पोर गार्डच्या डब्यात सापडलं, असं सांगितली. आन् तुमी म्हनलात, बराबर हाय." मग ती हळू म्हणाली, "मला कायबी कळलं न्हाई म्हनावं."

फौजदारानं टोपी डोक्यावर घातली. "सांगतो," म्हणाला, आणि गल्लीतून जीपकडं चालायला लागला.

मुमताजनं दार लोटलं आणि तिथंच दारामागं खाली बसली. राबियाआपा जवळ येऊन बसली. मुमताज रडायला लागली. घरातल्या सगळ्यांना वाटलं, ती सोहेबसाठी रडतेय. सोहेबसाठी तर ती रडत होतीच. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्या फलाटावरच्या बाईसाठी आणि कधीच न सापडलेल्या त्या पोरासाठी रडत होती.